काच कापली म्हणजे हिरा नव्हे: खाणीतल्या दगडाची ओळख

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचं जातं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग दगडांवर आहे. आपले बरेच श्रोते निगडी, भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यातले. कोणी कंपनीच्या बसमध्ये ऐकतं, कोणी दुसरी पाळी संपवून घरी जाताना. रस्त्याने खडी भरलेले डंपर आपण रोज बघतो. ती खडी बरीचशी मोशीकडच्या किंवा आसपासच्या खाणींतली. काळा पाषाण सुरुंगाने फोडायचा, क्रशरमध्ये घालायचा आणि वीस एमएम, दहा एमएम, क्रश सँड असा वेगळा काढायचा. आपल्या शेडचा पाया, घराचा स्लॅब, पुणे-नाशिक रस्ता, सगळं त्यावर उभं आहे.

त्याच काळ्या दगडात कधीकधी पोकळी निघते. आत पांढरं, गुलाबीसर, कधी हिरवट असं काहीतरी चमकत असतं. खाणीतला माणूस त्याला 'गार' म्हणतो नाहीतर 'काच' म्हणतो, आणि पुढच्या बकेटमध्ये ते क्रशरला जातं. एकदा गेलं की संपलं. म्हणून आज एवढंच शिकायचं आहे, की हातात आलेला तुकडा नेमका काय आहे हे साध्या साधनांनी कसं ठरवायचं. प्रयोगशाळा लागत नाही. आपल्यातले जे इन्स्पेक्शनला किंवा टूलरूमला काम करतात, त्यांच्या हाताला तर यातलं निम्मं आधीच येतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि त्यांच्या पोकळ्या झाल्या. नंतर त्या पोकळ्यांतून गरम पाणी फिरलं, पाण्यात विरघळलेला माल हळूहळू भिंतींवर बसला आणि त्याचे स्फटिक झाले. यातला मोठा गट झिओलाइटचा. हे नाव 1756 साली क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने दिलं. त्याने असा दगड तापवला तर तो उकळल्यासारखा फुगून आला, म्हणून ग्रीक भाषेतून 'उकळणारा दगड'. झिओलाइटच्या आत फार बारीक पोकळ्या असतात आणि त्यात पाणी धरलेलं असतं. कारखान्यात तयार केलेले झिओलाइट आज हवेतला नायट्रोजन धरून ठेवून ऑक्सिजन वेगळा करायला वापरतात. 2021 मध्ये दवाखान्यांच्या आवारात ऑक्सिजनचे जे प्लँट बसले, त्यांच्या टाक्यांत हाच प्रकार भरलेला असतो.

आता एक फरक लक्षात घ्या. काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, हा खडक. खडकात अनेक खनिजांचे कण एकत्र असतात. आज आपण ज्या परीक्षा करणार आहोत त्या एका खनिजाच्या तुकड्यावर करायच्या. खडीच्या तुकड्यावर केल्या तर कधी एका कणाचं उत्तर येईल, कधी दुसऱ्याच्या.

आणि दुसरी गोष्ट, रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आपण बरोबर उलटं करतो. पांढरा दिसला की गारगोटी, हिरवा दिसला की पाचू. पण आपल्या पोकळ्यांत पांढरी खनिजं ढीगभर आहेत. ॲपोफिलाइट नावाचं एकच खनिज बिनरंगी, पांढरं आणि हिरवं अशा तिन्ही रंगांत पुण्याच्या परिसरात मिळालेलं आहे. रंग बहुतेक वेळा थोड्याशा भेसळीने येतो. अपवाद आहेत, नाही असं नाही. वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हन्साइट गडद निळं असतं, पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळे गोळे बसल्यासारखं, आणि ते एकदा पाहिलं की विसरत नाही. हे खनिज 1973 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून जाहीर झालं. पण जगभरच्या संग्रहांत त्याचे जे देखणे नमुने आहेत ते मुख्यतः आपल्या वाघोलीचे. असे अपवाद सोडले तर रंगावर निकाल देऊ नका.

मग कशावर द्यायचा? चार प्रश्न विचारा. फुटतो कसा? कठीण किती? चमक आणि पूड कशी? आणि आकाराच्या मानाने जड किती?

पहिला प्रश्न, फुटतो कसा. काही खनिजं ठराविक दिशेनेच सपाट फुटतात. मराठी विश्वकोशात याला 'पाटन' हा शब्द आहे. लाकडाची ढलपी जशी रेषांच्या दिशेने सहज सुटते, आडवी नाही सुटत, तसंच. कारण आत अणूंची रचना एका दिशेला घट्ट आणि एका दिशेला सैल असते. सैल बाजूने तुकडा सुटतो. पाटन मोजताना किती दिशांना सपाट फुटतो आणि त्या दिशांमधला कोन किती, एवढं बघायचं.

घरातलं उदाहरण घ्या. अभ्रक एकाच दिशेने सुटतं, पापुद्रेच निघतात. सैंधवाचा खडा हळू फोडा, तीन दिशा आणि कोन काटकोन, म्हणून चौकोनी तुकडे पडतात. आता कॅल्साइट. त्यालाही तीन दिशा, पण कोन काटकोन नाहीत, साधारण 75 आणि 105 अंश. म्हणून तुकडा कललेल्या खोक्यासारखा दिसतो. कितीही बारीक फोडा, तसाच कललेला. फेल्डस्पारला दोन दिशा, जवळजवळ काटकोनात. आणि गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ? तिला ओळखता येईल असं पाटनच नाही. ती फुटते तेव्हा बाटलीची काच फुटल्यासारखी वक्र, शिंपल्यासारखी वलयं दिसतात. याला भंजन म्हणतात.

इथे बरेच जण फसतात. स्फटिकाचा बाहेरचा सपाट पैलू वेगळा आणि पाटनाचा पृष्ठभाग वेगळा. पैलू म्हणजे स्फटिक वाढताना आलेला आकार. क्वार्ट्झला सहा बाजूंचे सुंदर पैलू असतात, पण पाटन नसतं. ओळखायचं कसं? तुकडा उजेडात फिरवा. पाटन असेल तर फुटलेल्या बाजूवर एकाच दिशेच्या बारीक पायऱ्या दिसतात आणि त्या सगळ्या एकदम चमकतात. मशीनिंग केलेल्या दोन समांतर पायऱ्यांवर ट्यूबचा उजेड पडतो ना, तसं. आणि शंका उरलीच तर टोकाचा छोटा तुकडा पुन्हा फोडा. पाटन असेल तर तीच सपाटी परत येईल.

दुसरा प्रश्न, कठीण किती. आपल्या पट्ट्यात 'हार्डनेस' म्हटलं की रॉकवेल आठवतं. रॉकवेल सी स्केलला हिऱ्याचा शंकू 150 किलोच्या भाराने दाबतात आणि खड्डा किती खोल गेला ते बघतात. खनिजांची कठिनता वेगळी. तिथे दाबायचं नाही, ओरखडायचं. कोण कोणावर ओरखडा काढतो एवढाच हिशोब. 1812 मध्ये फ्रीड्रिख मोज यांनी दहा पायऱ्या लावल्या: 1 संगजिरे, 2 जिप्सम, 3 कॅल्साइट, 4 फ्लुओराइट, 5 ॲपटाइट, 6 ऑर्थोक्लेज फेल्डस्पार, 7 क्वार्ट्झ, 8 पुष्कराज, 9 कुरुंद, 10 हिरा. कुरुंद म्हणजे तेच, ज्याचा कारखान्यात बनवलेला भाऊ तुमच्या ग्राइंडिंग व्हीलमध्ये असतो.

या नुसत्या पायऱ्या आहेत, फूटपट्टी नाही. 9 आणि 10 मधलं अंतर 8 आणि 9 पेक्षा कितीतरी मोठं आहे. आणि कठीण म्हणजे चिवट नव्हे. हिऱ्यालाही पाटन आहे, चार दिशांना. घणाखाली खरा हिरा फुटत नाही ही जुनी समजूत आहे, ती कोणी करून बघू नका.

दहा खनिजं खिशात बाळगायची गरज नाही. आपलं नख साधारण अडीच. तांब्याची तार तीन. साधा चाकू आणि खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. चांगली कानस साडेसहा. एवढ्यात काम भागतं.

ओरखडा काढायची पद्धत मात्र नीट पाळा. ताजी फुटलेली, स्वच्छ बाजू घ्या, कारण पावसापाण्याने कुजलेली बाजू मऊ लागते. टोक दाबून एक सेंटिमीटरची रेघ ओढा. मग ओल्या बोटाने पुसा आणि भिंगातून बघा. पुसल्यावर खाच राहिली तर ओरखडा खरा. रेघ पुसली गेली तर ती नुसती पूड होती, म्हणजे ओढणाराच झिजला. पाटीवर पेन्सिल ओढल्यावर पाटीला खाच पडत नाही, पेन्सिल झिजते, तसं. मग उलटही करून बघा. हे पुसायचं काम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरा प्रश्न, चमक आणि पूड. चमक काचेसारखी, मोत्यासारखी, रेशमासारखी, धातूसारखी, अशा शब्दांत सांगतात. आपल्या खनिजांत मोत्यासारखी चमक फार उपयोगी. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि ॲपोफिलाइट या तिघांनाही एकाच दिशेचं उत्तम पाटन आहे आणि त्या सपाटीवर मोत्याची झाक दिसते. मग तिघांना वेगळं कसं करायचं? स्टिल्बाइटच्या जुड्या असतात, मध्ये बांधलेल्या कडब्याच्या पेंढीसारख्या. ह्यूलँडाइटचे स्फटिक मध्ये रुंद आणि टोकांना निमुळते. या दोघांची कठिनता साडेतीन ते चार. ॲपोफिलाइट चौकोनी खांबासारखं किंवा पिरॅमिडसारखं आणि त्याची कठिनता साडेचार ते पाच. खरं तर ते झिओलाइट नाहीच, पण राहतं त्यांच्याच शेजारी. आणि सुयांचा झुपका दिसला तर बहुधा स्कोलेसाइट किंवा त्याचे भाऊबंद. त्या सुयांना हात लावू नका, कातडीत मोडतात. फुंकूनही बघू नका.

पुडीचा रंग म्हणजे 'कस'. सोनार कसोटीवर सोनं घासतो तोच कस. आपल्याला फरशीच्या टाइलची मागची, बिनचकाकीची बाजू पुरते. हेमॅटाइट काळं चकचकीत असलं तरी त्याचा कस तांबडा येतो. गोव्याच्या नाहीतर रेडीच्या लोहखनिजावर करून बघा. पायराइट सोन्यासारखं पिवळं दिसतं आणि कस देतं हिरवट काळा. सोन्याचा कस सोनेरीच. पांढऱ्या खनिजांना मात्र कसाचा फारसा उपयोग नाही, सगळ्यांची पूड पांढरीच.

लोहचुंबकही जवळ ठेवा. ओढ्याच्या वाळूतून पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवलं की काळे कण चिकटतात. बेसाल्टमधलं मॅग्नेटाइट ते. पण आपल्याकडे एक गंमत आहे. एमआयडीसीच्या रस्त्याकडेला हाच प्रयोग केला तर चिकटलेला माल बराचसा ग्राइंडिंगचा कीस असतो! भिंगाखाली तो वळलेला, कुरळा दिसतो. तेव्हा वाळू गावाबाहेरच्या ओढ्यातली घ्या.

आणि व्हिनेगर. कॅल्साइटची थोडी पूड खरवडा आणि त्यावर दोन थेंब टाका. बुडबुडे येतात. क्वार्ट्झवर काही होत नाही. लिंबाचा रसही चालतो, थोडा धीर धरावा लागतो. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, त्याची गरज नाही.

चौथा प्रश्न, जड किती. किराणा दुकानातला डिजिटल काटा पुरतो. आधी दगड कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. दगडाला दोरा बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं पाणी दगडाने बाजूला सारलं. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. हे झालं विशिष्ट गुरुत्व. स्टिल्बाइट 2.1 ते 2.2, ॲपोफिलाइट 2.3 ते 2.4, क्वार्ट्झ 2.65, कॅल्साइट 2.71, हिरा 3.52.

आता हे सगळं एकदा वापरून बघू. मध्यंतरी एका श्रोत्याचा निरोप आला. चाकणला कंत्राटी कामगार, गाव मराठवाड्यात. एका बांधकामावर पायाच्या खोदाईत त्यांना एक पारदर्शक स्फटिक मिळाला. कोणीतरी गाठ घालून दिलेल्या माणसाने सांगितलं, हा कच्चा हिरा आहे. त्याने यांच्यासमोर काचेवर ओढून दाखवला, पांढरी रेघ उमटली. आणि म्हणाला, सर्टिफिकेट काढायला पंधरा हजार भरा, मग गिऱ्हाईक मी आणतो. दादांनी विचारलं होतं, "सर, पैसे उसने मिळतायत, भरू का?"

मी त्यांना म्हटलं, दादा, आज कोणालाच काही देऊ नका, दगडालाच विचारू. फोनवर एकेक परीक्षा केली. आधी तीच काच आणि तोच दगड घेऊन रेघ ओढायला लावली. उमटली. मग ओल्या बोटाने पुसायला सांगितली. पुसली गेली, काच जशीच्या तशी! म्हणजे काच कापलीच नव्हती, दगडाची पूड काचेवर बसली होती. मग चाकूचं टोक दगडावर दाबून ओढायला सांगितलं, खाच पडली. हिऱ्यावर चाकूची खाच? शक्य नाही. फुटलेली बाजू कशी दिसते विचारलं. "एका बाजूला सपाट आहे, शर्टाच्या बटणासारखी झाक मारते," म्हणाले. मोत्याची चमक इतक्या नेमक्या शब्दांत मीही सांगितली नसती. शेवटी दुकानात जाऊन तोललं. कोरडं 47 ग्रॅम, पाण्यात 20. भागाकार 2.35.

मंडळी, 47 ग्रॅम म्हणजे 235 कॅरट. कोहिनूर आज 105.6 कॅरटचा आहे. त्याच्या दुपटीहून मोठा हिरा चाकणच्या पायात निघाला आणि त्यावर पंधरा हजार भरायचे! आणि हिरे बेसाल्टच्या पोकळीत वाढत नाहीत. ते फार खोलवर तयार होतात आणि वेगळ्याच प्रकारच्या खडकातून वर येतात, मध्य प्रदेशात पन्नाला येतात तसे. चौकोनी खांब, एका दिशेचं पाटन, मोत्याची झाक, चाकूने खाच, गुरुत्व 2.35. ते ॲपोफिलाइट होतं.

त्यांना सांगायला जड गेलं, कारण मुलीच्या फीचा हिशोब त्यांनी मनात मांडलेला होता. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंधरा हजार वाचले म्हणायचे." त्यांनी पैसे भरले नाहीत. दगड मुलीने शाळेत नेला, आणि ओल्या बोटाची परीक्षा वर्गात करून दाखवली, असं त्यांनी नंतर कळवलं.

हे सांगितलं, कारण असे लोक फिरतात आणि त्यांची सगळी मदार आपल्याला न पुसलेली रेघ दाखवण्यावर असते. आणि समजा, रेघ पुसली नाही, काच खरंच कापली गेली, तरी तो हिरा ठरत नाही. क्वार्ट्झ सात, काच साडेपाच. रस्त्यावरची गारगोटीही काच कापते. काच कापली तर दगड काचेपेक्षा कठीण आहे एवढंच कळतं, त्यापुढचं काही नाही. एका परीक्षेवर निकाल नाही. तीन-चार उत्तरं एकाच नावाकडे बोट दाखवतील तेव्हाच नाव घ्यायचं. आपण एखादा पार्ट फक्त व्हर्नियरवर ओके करतो का? नाही ना?

थोडं सावधगिरीचं. खाणीत विचारल्याशिवाय जाऊ नका. ती कोणाच्या तरी परवान्याची जागा असते, तिथे सुरुंग उडतात. पावसाळ्यात पाणी भरलेल्या खाणीत तर मुळीच उतरू नका, कडा सरळ खाली गेलेल्या असतात. बाहेर पडलेल्या डबरात बघायला भरपूर मिळतं. दगड फोडताना गॉगल घाला, दगड ओला करून फोडा. क्वार्ट्झची बारीक धूळ फुप्फुसात बसते, फाउंड्रीत काम केलेल्यांना सिलिकोसिस हा शब्द सांगायला नको. घोराडेश्वरच्या लेण्यांसारख्या ठिकाणी खडक डोळ्यांनी बघा, ओरखडा काढायचा नाही. आणि दागिन्यावर ही परीक्षा कधीच नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं. तुकडा घरी आणला की त्यासोबत चिठ्ठी ठेवा. कुठे मिळाला, कधी मिळाला, आजूबाजूला कोणती खनिजं होती, आणि चारही परीक्षांची उत्तरं. खाणी बुजतात, त्यांच्यावर सोसायट्या उभ्या राहतात, मग ती जागा पुन्हा बघायला मिळत नाही. चिठ्ठी नसलेला दगड नुसता शोभेचा. सवड मिळाली तर सिन्नरला माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय बघून या. आपल्यासारख्याच औद्योगिक वसाहतीत, आपल्याच काळ्या दगडातून निघालेले स्फटिक तिथे मांडलेले आहेत. मुलांना न्या, आणि काचेबाहेरून पाटनाच्या पायऱ्या शोधायला लावा.

या आठवड्याचा गृहपाठ: खडीच्या ढिगातून दोन पांढरे तुकडे उचला आणि त्यातलं कॅल्साइट कोणतं, क्वार्ट्झ कोणतं ते ठरवा. चाकू, व्हिनेगर आणि डोळे, एवढंच वापरायचं. उत्तर पाठवताना नुसतं नाव नको, कशावरून ठरवलंत तेही लिहा. पुढच्या भागात मुरूम आणि काळा पाषाण यांचं नातं बघू. तोवर नमस्कार.